बघणं म्हणजे लुक, सी की वॉच? सारखे वाटणारे इंग्लिश शब्द वेगळे कसे करायचे

माझी भाची आता अकरावीत आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आणि तिच्या वहीच्या मागच्या पानांवर शब्दांची मोठी यादी होती. लुक म्हणजे बघणे, सी म्हणजे बघणे, वॉच म्हणजे बघणे, तिन्हीपुढे तेच. मला खरंच वाईट वाटलं, कारण पोरीने मनापासून पाठ केलेलं आणि तरी वाक्य करायची वेळ आली की यातला कुठला घ्यायचा हे त्या यादीवरून कळणं शक्यच नव्हतं. मग आम्ही ती यादी बाजूला ठेवली आणि जे केलं ते सांगते.

आधी मराठीतच नीट बघायचं की आपण बोलताना नेमकं काय म्हणतो. समजा स्वारगेटला स्टॉपवर उभे आहात. लांबून बस येताना दिसली, ते सी. मग मान उंच करून मुद्दाम पाटीवरचा नंबर बघितला, ते लुक, आणि कशाकडे बघितलं ते सांगायचं तर मध्ये ॲट लागतोच. आणि बस येईपर्यंत मोबाईलवर मॅच बघत बसलात तर वॉच, कारण समोर काहीतरी घडतंय आणि तुम्ही ते लक्ष देऊन बघत राहिलाय. म्हणजे दिसणं आणि बघणं हा फरक आपल्याकडे आधीपासूनच आहे, यादीत फक्त तो पुसला जातो. ऐकू येतं ते हिअर, कान देऊन ऐकतो ते लिसन. आपल्याला आठवतं ते रिमेंबर, दुसऱ्याला आठवण करून देतो ते रिमाइंड, त्यामुळे उद्या आठवण कर असं सांगायचं असेल तर रिमाइंड मी टुमॉरो, तिथे रिमेंबर मी लिहिलं तर माझी आठवण काढ असा अर्थ होतो.

सगळ्यात जास्त गोंधळ लेंड आणि बॉरोचा, त्यावर आमचे दोन दिवस गेले. शेजारच्या काकू वाटीभर साखर उसनी न्यायला आल्या. वाटी एकच, साखर तीच, पण माझ्याकडून बघितलं तर मी लेंड केली आणि काकूंकडून बघितलं तर त्यांनी बॉरो केली. भाचीने वहीत दोन घरं काढली आणि मध्ये बाण, बाण निघतो तिथे लेंड, पोचतो तिथे बॉरो. लेंडबरोबर टू येतो, बॉरोबरोबर फ्रॉम. त्यामुळे कॅन यू बॉरो मी युवर पेन हे चूक, कॅन आय बॉरो युवर पेन म्हणा नाहीतर कॅन यू लेंड मी युवर पेन म्हणा.

शब्दाच्या पुढे काय येतं हे बघायची सवय लावली की बरंच सुटतं. स्टीलच्या पुढे वस्तू येते, रॉबच्या पुढे माणूस किंवा जागा, म्हणजे चोरांनी बँक रॉब केली आणि पैसे स्टील केले.

कधीकधी मात्र मराठी मदत करत नाही, एकच शब्द दोन्हीकडे चालतो. ऐतिहासिक विजय म्हणजे हिस्टॉरिक, तो इतका मोठा की इतिहासात राहील, पण ऐतिहासिक कादंबरी म्हणजे हिस्टॉरिकल, तिचा विषय जुन्या काळातला एवढंच. भारत इतिहास संशोधक मंडळातले जुने कागद हिस्टॉरिकल डॉक्युमेंट्स, शनिवारवाडा हिस्टॉरिक प्लेस. इकॉनॉमिकचंही असंच काहीसं, देशाच्या पैशापाण्याचा विषय तो इकॉनॉमिक आणि चांगलं ॲव्हरेज देणारी गाडी ती इकॉनॉमिकल.

काही जोड्यांत अर्थ जवळपास एकच असतो, फरक असतो तो कुठे बोलायचं याचा. बिगिन आणि कमेन्स घ्या, दोन्ही म्हणजे सुरू करणे. इंग्लंड 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, म्हणून जुना बिगिन घरगुती राहिला आणि फ्रेंचमधून आलेला कमेन्स कागदोपत्री वाटतो. आपण नाही का, घरात पाणी दे म्हणतो, जल दे म्हणत नाही, पण केंद्र मात्र जलशुद्धीकरणाचं असतं.

डिक्शनरी घ्यायची तर इंग्लिश-मराठी एकटी पुरत नाही, जोडीला अप्पा बळवंत चौकातून एक लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे शब्दाचा अर्थ सोप्या इंग्लिशमध्येच सांगणारी, आणा, सेकंड हँड चालेल. हॉर्नबी नावाचे शिक्षक जपानमध्ये इंग्लिश शिकवायचे, त्यांनी तिथल्या मुलांच्या अडचणी बघून 1942 मध्ये अशी डिक्शनरी केली, तीच पुढे 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढली. म्हणजे ज्यांच्या घरी इंग्लिश नाही त्यांच्यासाठीच ती केलेली आहे. तिच्यात अर्थ नंतर वाचा, आधी उदाहरणाची वाक्यं वाचा, आणि मग त्याच शब्दाचं स्वतःच्या दिवसातलं एक खरं वाक्य लिहा.

परवा भाचीने सावलीची दोन वाक्यं लिहिली. पर्वतीच्या पायऱ्या चढताना दमून झाडाखाली बसलो ती शेड, आणि रात्री लाइट गेल्यावर मेणबत्तीमुळे भिंतीवर आजीची दिसली ती शॅडो.