जुन्या कॅसेटमधील आवाज लॅपटॉपमध्ये उतरवताना

नौपाड्यातील जुन्या घरांच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कॅसेट वाजवण्यापूर्वी उजेडात नीट तपासाव्यात, कारण ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरू शकते आणि अशी फीत लावल्यास तीच बुरशी डेकच्या (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या) हेडवरून, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावरून, पुढच्या कॅसेटला लागते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून कोरडे होऊ द्यावे.

खरी चूक होते ती जोडणीत. आजच्या बहुतेक लॅपटॉपना हेडफोन व माइक यांसाठी मिळून एकच जॅक असतो. त्यातील माइकची वाट मोनो (एकाच वाहिनीची) असून क्षीण संकेतासाठी बनवलेली असते, त्यामुळे डेकचा लाइन-आउट (आवाज बाहेर देणारी जोडणी) तिथे जोडल्यास आवाज फाटतो आणि स्टिरिओही हरवतो. म्हणून लाइन-इन (असा आवाज आत घेणारी जोडणी) असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये पोहोचवणारे छोटे उपकरण, घेऊन डेकच्या मागील लाल-पांढऱ्या आरसीए पिना त्याला जोडाव्यात. घरात केवळ वॉकमन उरला असेल, तर त्याच्या हेडफोन जॅकमधूनही, आवाज मध्यम ठेवून, काम भागते.

ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ हा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो दर) निवडून, सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. सी-६० कॅसेटची एक बाजू ३० मिनिटे चालते, आणि तेवढा वेळ द्यावाच लागतो. रविवारची दुपार त्यासाठी बरी. मूळ प्रत वेव्ह (आवाज न आकसवता साठवणाऱ्या) स्वरूपातच जतन करावी आणि खरखर काढण्याचे प्रयोग तिच्या नकलेवर करावेत.