अकीक घासायचा तर आधी पाण्याची सोय करा

वडोदऱ्यात राहून खडे घडवायला शिकायचं असेल तर अकिकापासून (इंग्रजीत अगेट) सुरुवात करावी. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूर भागातला दगड खंभातला जातो आणि तिथले कारागीर पिढ्यानपिढ्या त्याचे मणी आणि अंगठीचे खडे घडवत आले आहेत. पहिल्या वेळी अख्खा गोटा आणू नका. तो कापायला हिऱ्याचं पातं आणि त्यावर सतत पाण्याची धार लागते. त्याऐवजी ५-६ मिलिमीटर जाडीची कापलेली चकती घ्या. ती ओली करून वाळू द्या. बाकी दगड वाळल्यावरही एखादी रेघ ओली दिसत राहिली तर तिथे तडा आहे, तो भाग सोडा. लालभडक रंग बहुतेक वेळा भट्टीतला असतो. दगडातलं पिवळट लोह तापून लाल होतं, त्यात फसवणूक काही नाही.

घासण्याआधी एक गोष्ट मनावर घ्या. अकीक म्हणजे सिलिका. त्याची कोरडी धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. खंभातच्या कितीतरी कारागिरांनी या धंद्यापायी आपली छाती गमावली आहे. म्हणून दगड कायम ओला ठेवूनच घासायचा. एन-९५ मास्क लावाच, पण मास्क आहे म्हणून कोरडं घासायचं नाही.

आता चकतीवर पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या टोकाने लंबगोल आखा, साध्या पेन्सिलीची रेघ पाण्याने जाते. हिऱ्याच्या ओल्या चाकावर रेघेपर्यंत आकार आणा. मग दगड हळूहळू कोमट करून लाखेने काडीच्या टोकावर बसवा. थंड दगडाला लाख धरत नाही, आणि एकदम तापवला तर दगड तडकतो. कडेला सुमारे एक मिलिमीटर उभा काठ राखा, सोनाराला कोंदणात धरायला तो लागतो. त्याच्या वर चहूबाजूंनी उतार द्या, मग त्याहून कमी उताराचा दुसरा, आणि काडी फिरवत दोन्हींमधली धार मोडून घुमट करा.

खरी कसोटी यापुढे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर घ्या: २२०, ४००, ६००, १२००, याच क्रमाने; आकडा मोठा तसा कागद बारीक. प्रत्येक कागदाने आधीच्या कागदाचे ओरखडे पुसायचे असतात. २२० चा एक ओरखडा राहिला तर शेवटी तोच चमकेल, आणि पुन्हा मागे जावं लागेल. ओला दगड नेहमीच गुळगुळीत दिसतो, कारण पाणी ओरखडे भरून टाकतं. म्हणून दर टप्प्याला तो पुसून, पूर्ण वाळवून, दिव्याखाली तिरका धरून बघा. पुढच्या कागदाआधी दगड, काडी आणि हात स्वच्छ धुवा. जाड कागदाचा एक कणसुद्धा पुढचं काम बिघडवतो. या टप्प्यांना घासण्याइतकाच वेळ बघण्यात गेला तरी चालेल.

जिल्हईसाठी, म्हणजे शेवटच्या चकाकीसाठी, ओल्या नमद्यावर (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडावर) किंवा चामड्यावर सेरियम ऑक्साइड या पॉलिशच्या पुडीची पातळ लापशी लावून दगड दाबून फिरवा. नमदा सुकू देऊ नका. आधीची घासाई नीट झाली असेल तर चकाकी लवकर चढते.

काडीसकट दगड थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवला की लाख ठिसूळ होऊन सुटते, उरलेली स्पिरिटने निघते. साठलेला गाळ ओला असतानाच फडक्याने पुसून पिशवीत बांधून टाका, मोरीत ओतू नका. अंगातले कपडे झटकू नका, तसेच पाण्यात टाका.