फॅमिली मेडिसिन घ्यायचं की नाही, हे कसं ठरवायचं

मेडिकलला असताना फॅमिली मेडिसिनबद्दल, म्हणजे सगळ्या वयाच्या लोकांना सगळ्या दुखण्यांसाठी पहिल्यांदा बघणाऱ्या फॅमिली डॉक्टरच्या शाखेबद्दल, जे काही कानावर पडतं ते बहुतेक अशा लोकांकडून पडतं ज्यांनी ते काम एक दिवसही केलेलं नसतं. वॉर्डात राउंड चालू असतो, कुणीतरी बाहेरून आलेली रेफरल चिठ्ठी मोठ्याने वाचतं, "बघा काय पाठवलंय" म्हणतं, सगळे हसतात आणि आपल्या डोक्यात पक्कं बसतं की बाहेरच्या डॉक्टरला काही येत नाही. मीपण हसलोय. नंतर स्वतः त्या खुर्चीत बसलो तेव्हा कळलं की ज्याने ती एक चिठ्ठी लिहिली त्याने त्याच आठवड्यात कितीतरी जणांना कुठेही न पाठवता स्वतःच निभावून नेलेलं असतं, आणि ते लोक वॉर्डातल्या कुणालाच कधी दिसत नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट ही समजून घ्या की तुम्ही रोज जे पेशंट बघताय ते सँपलच तिरकं आहे. १९६१ मध्ये कर व्हाइट या डॉक्टर-संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनचे आकडे घेऊन एक साधा हिशोब मांडला होता. १००० मोठी माणसं घ्या आणि एक महिना धरा. त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ अ‍ॅडमिट होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे रेफर केलं जातं, आणि मेडिकल कॉलेजच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचतो तो १. अमेरिकेचे आकडे घेऊन २००१ मध्ये हाच हिशोब परत केला तर ८०० जणांना त्रास, २१७ डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये, ८ हॉस्पिटलात आणि कॉलेजच्या हॉस्पिटलात १ पेक्षाही कमी. आता तुमची सगळी वर्षं त्या एका माणसाभोवती जातात आणि त्यावरून तुम्ही उरलेल्या दोनशे-अडीचशे जणांना बघणाऱ्या कामाबद्दल मत बनवताय, हे कसं चालेल?

आणि हे नुसतं गर्दीचं गणित नाहीये, त्याने डॉक्टरी करायची पद्धतच बदलते. एक टेस्ट धरा जी ९० टक्के आजारी लोकांना बरोबर पकडते आणि ९० टक्के निरोगी लोकांना बरोबर सोडते. वॉर्डात १००० मधल्या ५०० जणांना तो आजार असेल तर पॉझिटिव्ह आलेल्या १० पैकी ९ खरंच आजारी निघतात. तीच टेस्ट अशा ठिकाणी करा जिथे १००० मध्ये १० जणांनाच आजार आहे. तिथे खरे पॉझिटिव्ह ९ आणि खोटे पॉझिटिव्ह ९९, म्हणजे १२ रिपोर्टांमध्ये १ खरा. लॅब तीच, आकडा तोच, अर्थ पार वेगळा! हे एकदा नीट डोक्यात शिरलं की कळतं फॅमिली डॉक्टर "काहीच तपासण्या करत नाही" असं का वाटतं. तो गप्प बसलेला नसतो, धोक्याची लक्षणं एकेक करून बाजूला सारत असतो आणि बाकीचं काम काळावर सोपवत असतो, कारण चार दिवसांनी परत बघणं ही तिथे खरोखरची तपासणी असते.

आता मुद्द्याचं, हे आपल्याला जमेल का ते कसं ओळखायचं. हुशारीशी याचा फार संबंध नाही, स्वभावाशी आहे. स्वतःला दोन प्रश्न विचारा आणि उत्तर दुसऱ्या कुणाला सांगायचं नाहीये असं समजून खरं द्या. एक, डायग्नोसिस नक्की झालं नसताना पेशंटला घरी पाठवलं तर तुम्हाला रात्री झोप लागेल का? थोडी चाळवाचाळव सगळ्यांची होते, माझी अजून होते, पण सारखीच होणार असेल तर त्रास आहे. दोन, डिस्चार्ज दिल्यावर त्या माणसाचं पुढे काय झालं याची तुम्हाला खरंच उत्सुकता असते का? काही जणांना केस संपली की मोकळं वाटतं आणि त्यात वाईट काही नाही, त्यांनी भूल किंवा रेडिओलॉजी किंवा इमर्जन्सी बघावं, मजेत राहतील. ज्यांच्या डोक्यात तीन महिन्यांनी सुद्धा "त्या काकूंची शुगर आता कुठवर आली असेल" असं येत राहतं, त्यांनी पुढे वाचा.

नुसतं वाचून ठरवू नका, जाऊन बसा. एखाद्या फॅमिली डॉक्टरला विचारा आणि किमान दोन आठवडे सलग, एकाच डॉक्टरजवळ, एकाच क्लिनिकमध्ये बसा. एक दिवस जाऊन आलात तर सर्दी, खोकला, कंबरदुखी दिसेल आणि कंटाळा येईल, कारण या कामातली गंमत दुसऱ्या भेटीत असते, सोमवारी आलेला माणूस पुढच्या गुरुवारी परत येतो तेव्हा. एक वही न्या. प्रत्येक पेशंटमागे चार ओळी पुरेत: कशासाठी आला असं म्हणाला, खरं कशासाठी आला होता, डॉक्टरने काय केलं, आणि काय केलं नाही. चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि लिहायला सगळ्यात अवघड, कारण न लिहिलेलं औषध आणि न केलेला स्कॅन दिसत नाही, तो विचारून घ्यावा लागतो. पेशंट बाहेर गेल्यावर विचारा, "हे का नाही केलंत?" चांगला डॉक्टर असेल तर खुलतो. दुसऱ्या ओळीसाठी दारावर लक्ष ठेवा. माणूस उठतो, दाराच्या मुठीला हात लावतो आणि जाता जाता म्हणतो, "अजून एक होतं डॉक्टर..." ते एक हेच बऱ्याचदा खरं कारण असतं.

कॉलेज चालू असतानाच काही सवयी लावून घेता येतात. पहिली म्हणजे गप्प बसणं. १९८४ मध्ये अमेरिकेत केलेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये तोंड घालतो. तुम्ही पुढच्या हिस्टरीला, म्हणजे पेशंटची हकिगत ऐकताना, मनातल्या मनात साठपर्यंत मोजून बघा, किती अवघड जातं ते कळेल. दुसरी, हिस्टरीत तीन प्रश्न घाला, तुम्हाला काय झालंय असं वाटतं, भीती कशाची वाटते, आणि माझ्याकडून काय हवंय. डोकेदुखीवाल्याला गोळी नकोच असते कधीकधी, भावाला ट्यूमर निघाला होता म्हणून तो आलेला असतो आणि हे न विचारता तुम्ही पाच वेळा वेगळी गोळी दिलीत तरी तो सहाव्यांदा येणारच. तिसरी सवय पेशंटला घरी पाठवताना. "काही वाटलं तर या" हे वाक्य सोडून द्या, त्याला काही अर्थ नाही. नक्की काय झालं तर यायचं, किती तासात किंवा दिवसात यायचं आणि रात्र असेल तर कुठे जायचं, हे तिन्ही सांगा आणि केसपेपरवर लिहा.

पोस्टिंगबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या विभागांत काम शिकायला पाठवतात त्याबद्दल, एक युक्ती सांगतो. प्रत्येक युनिटमध्ये शेवटच्या दिवशी सिनियरला विचारा की तुमच्याकडे येण्याआधी बाहेरच्या डॉक्टरने काय करून पाठवलं असतं तर बरं झालं असतं, आणि कुठले पेशंट पाठवायलाच नको होते. या एका प्रश्नाची उत्तरं कुठल्याही गाइडपेक्षा कामाची आहेत. त्वचा, कान-नाक-घसा, डोळे आणि मानसोपचार ही पोस्टिंग लोक सह्या मारून उरकतात, तुम्ही नका उरकू, ओपीडीचा मोठा भाग तिथूनच येतो. गुडघा आणि खांदा नीट तपासायला शिका.

ट्रेनिंग ठिकठिकाणी वेगळं आहे. कॅनडात साधारण २ वर्षं, अमेरिकेत ३, भारतात डीएनबी (एमबीबीएसनंतरचं पदव्युत्तर शिक्षण) फॅमिली मेडिसिन ३, ब्रिटनमध्ये पदवीनंतर सगळ्या डॉक्टरांना करावी लागणारी फाउंडेशनची २ वर्षं झाल्यावर जीपी (जनरल प्रॅक्टिशनर, म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर) ट्रेनिंगची आणखी ३. अमेरिकेत याला वेगळी स्पेशालिटी म्हणून मान्यता १९६९ मध्येच मिळाली, त्यामुळे "काही नाही जमलं तर जीपी" हे पन्नास वर्षांहून जुनं झालेलं बोलणं आहे. पण वर्षं मोजण्यापेक्षा प्रोग्रॅम निवडताना दोन गोष्टी तपासा, आणि त्याही तिथे ट्रेनिंग घेत असलेल्या रेसिडेंट डॉक्टरला एकटं गाठून. तुम्हाला शिकवणारे स्वतः फॅमिली डॉक्टर आहेत का? आणि पूर्ण ट्रेनिंगमध्ये तेच ते पेशंट तुमच्या नावावर राहतात का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर तो सगळ्या वॉर्डांतून फिरवणारा मनुष्यबळाचा कार्यक्रम आहे, बाहेर पडाल तेव्हा तुम्हाला सगळ्यातलं थोडं थोडं येईल आणि फॅमिली मेडिसिन येणार नाही.

त्रास पण सांगतो, नाहीतर नंतर शिव्या घालाल. कागदपत्रं खूप, वेळ कमी, बऱ्याच देशांत सर्जन किंवा कार्डिओलॉजिस्टपेक्षा कमाई कमी, आणि बॅचमेट भेटले की "एवढं शिकून शेवटी जीपीच?" हे ऐकावं लागतं. यातलं शेवटचं दोन-तीन वर्षांत टोचायचं थांबतं. खरा त्रास एकटेपणाचा, कारण तुमचा चुकलेला अंदाज राउंडवर दहा जणांत वाटला जात नाही, तो तुमच्याबरोबर घरी येतो आणि वर तो पेशंट, त्याची बायको, त्याची आई सगळे तुमचेच पेशंट असतात. मायकल बॅलिंट नावाच्या मनोविश्लेषकाने १९५० च्या दशकात लंडनमध्ये जीपींचे छोटे गट सुरू केले होते, आजारापेक्षा "हा पेशंट मला का छळतोय" यावर बोलायचे. असे बॅलिंट गट आज पुष्कळ देशांत चालतात. मिळाला तर जा, नाही मिळाला तर तीन मित्र गोळा करा पण हे काम एकट्याने करू नका.

याने फरक पडतो का असं कुणी विचारलं तर आकडे आहेत. २०१८ मध्ये २२ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यातल्या १८ मध्ये एकाच डॉक्टरकडे टिकून राहणाऱ्या पेशंटमध्ये मृत्यू कमी दिसले. नॉर्वेच्या २०२२ च्या अभ्यासात १५ वर्षांहून जास्त काळ तोच जीपी असलेल्यांमध्ये, फक्त वर्षभराची ओळख असलेल्यांच्या तुलनेत, मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी होती. हे संबंध दाखवणारे अभ्यास आहेत, कारण सिद्ध करणारे नाहीत, तेव्हा व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) फार ताणू नका. ज्याला मोठं उदाहरण हवं त्याने ज्युलियन ट्यूडर हार्टबद्दल वाचावं, वेल्समधल्या ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावात जीपी होता, आलेल्यांचंच नाही तर गावाचं ब्लडप्रेशर मोजायला निघाला, आणि १९७१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहून गेला की चांगली वैद्यकीय सेवा जिथे जास्त गरज असते तिथेच कमी मिळते.

शेवटी इंटरव्ह्यू. "मला लोकांशी बोलायला आवडतं" म्हणू नका, समोरच्यांनी सकाळपासून ते सात वेळा ऐकलेलं असतं. त्या वहीतला एक पेशंट सांगा, तो कशासाठी आला होता, डॉक्टरने काय केलं नाही आणि परत आला तेव्हा काय निघालं. आणि वही घेऊन जाणार असाल तर त्यात पेशंटची नावं लिहिली असतील ती आधी खोडा.