वाचनाचा महिना संपला, आता मागे वळून कसं बघायचं?

ऑक्टोबरात वाचनाचं आव्हान घेतलं की ढीग आपोआप वाढतो. १५ तारखेला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन असतो. दसरा त्याच सुमारास आला तर दीक्षाभूमीजवळच्या स्टॉलवरून पिशवीभर पुस्तकं घरी येतात. मागोमाग दिवाळी अंक. महिनाअखेर कोणी विचारतं, "किती झाली?" आपण आकडा सांगतो, विषय संपतो. माझ्या मते आढाव्यातली सगळ्यात निरुपयोगी गोष्ट तो आकडाच. खरी माहिती अर्धवट सुटलेल्या पुस्तकांत असते.

१. सगळं सतरंजीवर मांडा. संपवलेली, अर्धवट, नुसती चाळलेली, सगळी. परत केलेल्या, मोबाइलवर वाचलेल्या किंवा ऐकलेल्या पुस्तकांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून त्यातच ठेवा. दिवाळी अंक 'एक पुस्तक' धरायचा का, यावर ज्यांना वाद घालायचा त्यांनी घालावा. तुम्ही वाचलेल्या लेखांची नावं लिहा आणि पुढे चला.

२. पुस्तक न उघडता दोन ओळी लिहा. एखादं पात्र, एखादा मुद्दा, न पटलेलं एखादं मत. मलपृष्ठावर छापलेलंच आठवत असेल तर ते धरू नका. काहीच आठवत नसेल तर 'काही आठवत नाही' असं सरळ लिहा, तीही नोंदच आहे.

३. तारखा जुळवा. वाचनालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर शिक्का असतो, खूण म्हणून ठेवलेल्या मेट्रोच्या तिकिटावर तारीख असते. पुस्तक किती दिवस रेंगाळलं ते यावरून कळतं.

४. आता अर्धवट पुस्तकं. इथे घाई करू नका. प्रत्येकासमोर पान क्रमांक आणि 'काहून सोडलं?' असा एक रकाना करा. 'कंटाळा आला' हे उत्तर चालणार नाही. नोंद अशी हवी: 'पान ११२. रोज मेट्रोत वाचत होतो. सीताबर्डीला गाडी बदलताना मिटलं की पुन्हा उघडेपर्यंत कोण कोणाचा काका हे विसरायला होतं.' यात दोष पुस्तकाचा नाही, जागेचा आहे. तीन पिढ्यांची कादंबरी रविवारी सकाळी घरी वाचायची. मेट्रोत कथा, ललित लेख बरे. भाषा जड गेली असेल तर तसं लिहा. पुस्तकच फसलेलं असेल तर तेही लिहा, लेखक कितीही मोठा असो. आणि चार वेगवेगळी पुस्तकं पन्नासाव्या पानाच्या आतच थांबली असतील, तर संशय पुस्तकांवर घेऊ नका, उशाशी ठेवलेल्या फोनवर घ्या.

५. पानांचं गणित फक्त पुढच्या बेतासाठी करा. रोज २० पानं म्हणजे ३० दिवसांत ६००, म्हणजे दोनशे पानी तीन पुस्तकं. कवितेला हे माप लावू नका. आपल्या नागपूरच्या ग्रेस यांची एकच कविता अख्खी संध्याकाळ खाते.

६. पुस्तक तुमच्याकडे कसं आलं तेही टिपा: मित्राने दिलं, स्टॉलवर दिसलं, परीक्षण वाचून मागवलं, भेट आलं. कोणत्या वाटेने आलेली पुस्तकं संपतात हे दोन-तीन महिन्यांत दिसू लागतं. 'हे तू वाचायलाच हवंस' असं म्हणून हातात कोंबलेल्यांसाठी मी वेगळा रकाना ठेवतो. तो बहुधा रिकामाच राहतो.

७. पुढच्या महिन्याच्या यादीत अर्धवटांपैकी दोनच घ्या, ज्यांच्यासमोर 'जागा चुकली' किंवा 'वेळ चुकली' असं आहे ती. फसलेली देऊन टाका. वाचनालयाची मुदत उलटली असेल तर यादी राहू द्या, आधी पुस्तक परत करून या. तुमच्यानंतर कोणीतरी नंबर लावून बसलेलं असतं.