कुबरनेटीसचा शेड्युलर बिघाडातून सावरावा यासाठीची तयारी

कुबरनेटीस ही अनेक यंत्रांच्या समूहावर (क्लस्टरवर) कंटेनर चालवणारी प्रणाली आहे. तिच्यात कोणता पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) कोणत्या नोडवर (यंत्रावर) चालवायचा हे ठरवणारा शेड्युलर स्वतःजवळ कायमचे काहीच साठवत नाही. तो पुन्हा सुरू झाला की एपीआय सर्व्हरकडून (क्लस्टरमधील सर्व विनंत्या घेणाऱ्या घटकाकडून) नोड आणि पॉड यांची यादी नव्याने घेतो आणि ज्या पॉडच्या नोंदीत नोडचे नाव भरलेले नाही, तेवढेच पॉड हाती घेतो. खरी नोंद ईटीसीडी या क्लस्टरची स्थिती साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये असल्यामुळे तयारीची सुरुवात तिथूनच करावी.

ईटीसीडीचे सभासद (त्याच्या प्रती चालवणारी यंत्रे) 3 किंवा 5 ठेवावेत. 4 ठेवल्यास बहुमताला 3 लागतात, म्हणजे एक यंत्र वाढवूनही एकाहून अधिक बिघाड सोसत नाही. प्रत्येक सभासदाला स्वतंत्र एसएसडी द्यावी, कारण डिस्क अडखळली की हार्टबीट (नेता सभासद चालू असल्याचा ठरावीक संदेश) चुकतो, नेत्याची निवडणूक पुन्हा होते आणि दोष मात्र नेटवर्कला दिला जातो.

शेड्युलरच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर चालवाव्यात. त्यांतील एकच प्रत नेता म्हणून काम करते आणि तो हक्क लीज या ठरावीक मुदतीच्या नोंदीवर टिकतो. लीजची मूळ मुदत 15 सेकंद असते. ती घाईने कमी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मग क्षुल्लक खोळंब्यानेही नेता बदलतो. जुना नेता क्षणभर जागा राहिला तरी एकाच पॉडची नेमणूक दोन नोडवर होत नाही. नोडचे नाव एकदा भरले की दुसरे बाइंडिंग (पॉड नोडशी जोडण्याची विनंती) एपीआय सर्व्हर नाकारतो. स्वतःचा शेड्युलर लिहिणाऱ्यांनीही नेमणूक याच मार्गाने करावी.

सर्वांत जास्त सावधगिरी संपर्क तुटलेल्या नोडबाबत हवी. अशा नोडवरील पॉड साधारणपणे 300 सेकंदांनंतर हटवण्यासाठी निवडले जातात, परंतु स्टेटफुलसेटचा (स्वतःची ओळख आणि साठवण टिकवणाऱ्या पॉडच्या संचाचा) पॉड ‘टर्मिनेटिंग’ (हटवणे चालू) अवस्थेतच अडकतो आणि त्याच्या जागी नवा येत नाही. ही अडचण नसून संरक्षण आहे: ते यंत्र कदाचित अजून चालू असेल आणि डेटाबेसच्या फाइलमध्ये लिहीतही असेल. म्हणून यंत्र खरोखर बंद असल्याची खात्री करावी, मगच नोडला ‘आउट ऑफ सर्व्हिस’ टेंट (नोड सेवेबाहेर असल्याची खूण) लावावा. त्याआधी पॉड जबरदस्तीने हटवू नये.

ईटीसीडीचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या माहितीच्या प्रती) क्लस्टरबाहेर ठेवावेत आणि सर्टिफिकेट व एन्क्रिप्शनच्या किल्ल्या त्यांच्यापासून वेगळ्या, सुरक्षित जागी जपाव्यात. स्नॅपशॉट पूर्ववत केल्यावर शेड्युलर, कंट्रोलर मॅनेजर (क्लस्टर अपेक्षित स्थितीत ठेवणारा घटक) आणि क्युबलेट (प्रत्येक नोडवर पॉड चालवणारा घटक) पुन्हा सुरू करावेत, अन्यथा ते जुन्या माहितीवरच काम करत राहू शकतात.

शेवटी चाचणी क्लस्टरवर नेत्याचे यंत्र मुद्दाम बंद करून एक नवा पॉड टाकावा. कुब-सिस्टिम या कुबरनेटीसच्या स्वतःच्या घटकांसाठीच्या विभागातील कुब-शेड्युलर लीजवर धारकाचे नाव बदलेपर्यंत पॉड ‘पेंडिंग’ (नोडच्या प्रतीक्षेत) दिसतो आणि त्यानंतर त्याला नोड मिळतो. मध्ये गेलेले सेकंद मोजून लिहून ठेवावेत.