‘बाय’ वापरताना या चुका टाळा: घोळ इंग्रजीत नाही, आपल्या ‘पर्यंत’, ‘ने’ आणि ‘कडून’मध्ये आहे

‘आय विल सबमिट द रिपोर्ट टिल फ्रायडे.’ पुण्यामुंबईच्या ऑफिसांत हे वाक्य सर्रास लिहिलं जातं आणि वाचणारा मराठी असेल तर कुणाचंच काही अडत नाही. तो लंडनला किंवा शिकागोला बसलेला असेल तर मात्र क्षणभर थबकतो. त्याला वाक्याचा अर्थ असा लागतो, की हा माणूस शुक्रवार उजाडेपर्यंत तोच रिपोर्ट पुन्हा पुन्हा सादर करत राहणार आहे. इथे ‘टिल’ (till) नको, ‘बाय’ (by) हवा होता.

‘बाय’चे अर्थ शाळेत यादीसारखे पाठ करून घेतात: कडून, ने, जवळ, पर्यंत, वगैरे. यादी बरोबर आहे, पण बोलताना ती कामाला येत नाही. आपल्या मनात आधी मराठी प्रत्यय उमटतो आणि मग त्याला इंग्रजी शब्द शोधला जातो. आपला एक प्रत्यय इंग्रजीत दोन-तीन शब्दांचं काम करतो, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. म्हणून इथे सुरुवात मराठीच्या बाजूने केली आहे.

‘पर्यंत’ म्हणजे बाय की टिल?

‘सहापर्यंत ये’ आणि ‘सहापर्यंत थांब’. दोन्हीकडे ‘पर्यंत’ तोच आहे. पहिल्यात येण्याची क्रिया एकदाच घडायची आहे, सहाच्या आत कधीही. दुसऱ्यात थांबण्याची क्रिया सहा वाजेपर्यंत चालू राहायची आहे. म्हणून पहिलं ‘कम बाय सिक्स’ आणि दुसरं ‘वेट टिल सिक्स’.

शंका आली की क्रियापदाला ‘-त राहा’ लावून बघा. ‘सहापर्यंत वाट बघत राहा’ हे बरोबर वाटतं, म्हणजे तिथे टिल किंवा अंटिल. ‘सहापर्यंत फॉर्म भरत राहा’ ऐकून हसू येतं, म्हणजे तिथे बाय. ‘पंधरा तारखेपर्यंत फी भरा’, ‘दहापर्यंत पोहोचतो’, ‘मार्चपर्यंत घर ताब्यात मिळेल’ ही सगळी बायची वाक्यं झाली. ‘दुकान नऊपर्यंत उघडं असतं’ हे टिलचं.

वाक्य नकारार्थी झालं की ही चूक खरोखर महागात पडते. समजा, गिऱ्हाइकाकडून पैसे यायचे आहेत, शुक्रवार आला तरी आलेले नाहीत आणि तुम्ही वरिष्ठांना लिहिलंत, ‘द मनी डिडन्ट कम टिल फ्रायडे.’ इंग्रजीत याचा अर्थ होतो, पैसे आले, पण शुक्रवारी आले, त्याआधी नाही. तुम्हाला म्हणायचं होतं, ‘द मनी हॅडन्ट कम बाय फ्रायडे.’ एका शब्दापायी थकबाकी वसूल झाल्याचा निरोप गेला!

‘पर्यंत’च्याच घरातली आणखी एक चूक म्हणजे ‘अंटिल ही डझन्ट कम, डोन्ट स्टार्ट’. मराठीत ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत’ असं आपण नकार घालून म्हणतो. इंग्रजी ‘अंटिल’मध्ये तो नकार आधीच मुरलेला असतो, त्यामुळे ‘अंटिल ही कम्स’ एवढंच पुरतं.

‘मी पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती’ याचं ‘टिल आय रीच्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट’ करू नका. ‘बाय द टाइम आय रीच्ड द स्टेशन’ म्हणा. तेच वाक्य भविष्यात नेलं, तरी ‘बाय द टाइम’नंतर ‘विल’ येत नाही. ‘बाय द टाइम आय रीच द स्टेशन, द ट्रेन विल हॅव लेफ्ट’ असं होतं. पहिला भाग साध्या वर्तमानात आणि ‘विल’ दुसऱ्या भागात.

आता ऑफिसातला नेहमीचा वाद: ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरायचा की नाही? सर्वसाधारणपणे धरायचा. ‘बिफोर फ्रायडे’ म्हटलं तर धरायचा नाही. अर्जांवर आणि सरकारी कागदांवर ‘ऑन ऑर बिफोर’ असं लिहिलेलं असतं ते हा वाद होऊ नये म्हणूनच. ‘बाय ईओडी’ (एंड ऑफ डे, म्हणजे दिवस संपायच्या आत) हा तर त्याहून फसवा प्रकार आहे. भारताचं घड्याळ न्यूयॉर्कच्या साडेनऊ ते साडेदहा तास पुढे असतं (त्यांच्या उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा). तिकडच्या माणसाचा शुक्रवार संपतो तेव्हा हिंजवडीत शनिवारची सकाळ झालेली असते. त्यामुळे तारीख, वेळ आणि कुणाची वेळ या तिन्ही गोष्टी लिहा: ‘बाय ५ पीएम आयएसटी ऑन फ्रायडे’.

‘ने’ची गर्दी

‘पोलिसाने चोराला काठीने मारलं.’ एका वाक्यात दोनदा ‘ने’. पहिला ‘ने’ मारणाऱ्याचा, दुसरा हत्याराचा. कर्मणी वाक्य करताना इंग्रजीला हे वेगळे लागतात: ‘द थीफ वॉज बीटन बाय द पोलिसमन विथ अ स्टिक.’ करणारा बायने, साधन विथने. म्हणून ‘आय कट इट बाय नाइफ’ चूक आणि ‘विथ अ नाइफ’ बरोबर. ‘फॉर्म पेनाने भरा’ याचं ‘बाय पेन’ होत नाही, ‘इन पेन’ किंवा ‘विथ अ पेन’ होतं.

एक बारकावा आहे. ‘द विंडो वॉज ब्रोकन बाय अ स्टोन’ हे वाक्य चूक नाही. त्यात दगड जणू आपला आपण येऊन आदळला आहे, मागे कुणी आहे का याची वाक्याला फिकीर नाही. ‘ब्रोकन विथ अ स्टोन’ म्हटलं की दगड हातात घेतलेला माणूस दिसायला लागतो. विम्याच्या किंवा पोलिसांच्या कागदावर हा फरक छोटा राहत नाही.

वाहनाचा ‘ने’ बायकडेच जातो, पण वाहनाचं नाव उघडंबोडकं असेल तरच. ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’, ‘बाय कार’. मध्ये ‘माझ्या’, ‘त्याच्या’ असं काही आलं की बाय गळतो: ‘इन माय कार’, ‘ऑन हिज बाइक’. आणि ‘चालत आलो’ला ‘बाय वॉक’ हा आपला खास शोध इंग्रजीत नाही. ‘आय वॉक्ड’ म्हणा, किंवा ‘ऑन फुट’. ‘बाय मिस्टेकली’ ही ‘बाय मिस्टेक’ आणि ‘मिस्टेकनली’ यांची खिचडी आहे, दोन्हींपैकी एक निवडा.

‘कडून’ आला की थांबा

‘बँकेकडून पत्र आलं’, ‘हे मी वडिलांकडून शिकलो’, ‘शेजाऱ्यांकडून साखर आणली’. या तिन्ही ‘कडून’मध्ये काहीतरी एका ठिकाणाहून आपल्याकडे आलं आहे. तिथे फ्रॉम. ‘हे काम कंत्राटदाराकडून करून घेतलं’ यातला ‘कडून’ करणाऱ्याचा आहे. तिथे बाय चालतो: ‘द वर्क वॉज डन बाय अ काँट्रॅक्टर.’ ‘आय लर्न्ट इट बाय माय फादर’ मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही.

‘माझ्याकडून चूक झाली’ ही मराठीतली सुंदर सोय आहे. चूक कबूल होते आणि जरा दूरही राहते. तिचं ‘मिस्टेक हॅपन्ड बाय मी’ केलं की इंग्रजी वाचकाला ती कबुलीही वाटत नाही आणि धड वाक्यही वाटत नाही. ‘आय मेड अ मिस्टेक’ आपल्या कानाला फार सडेतोड लागतं, पण त्या भाषेत तेच सभ्य आहे.

ओळखीच्या दाखल्यात ‘ही इज नोन बाय मी सिन्स फाइव्ह इयर्स’ असं ठोकलेलं असतं. ‘माझ्या परिचयाचा’ म्हणजे ‘नोन टू मी’. सरळ वाक्य करायचं तर ‘आय हॅव नोन हिम फॉर फाइव्ह इयर्स’. आणि ‘आय नो हिम बाय नेम’ लिहिण्याआधी विचार करा. त्याचा अर्थ नाव तेवढं ऐकून आहे, पुढची ओळख नाही, असाही घेतला जातो. शिफारसपत्रात ते भलतंच दिसेल.

‘करून’ म्हणजे नेहमी ‘बाय डुइंग’ नव्हे

‘बटण दाबून मशीन सुरू करा’ आणि ‘आंघोळ करून ऑफिसला गेलो’. दोन्हीकडे ‘-ऊन’. पहिल्यात दाबणं हा सुरू करण्याचा उपाय आहे: ‘बाय प्रेसिंग द बटन’. दुसऱ्यात आंघोळ हा ऑफिसला पोहोचण्याचा मार्ग नाही, ती फक्त आधी झाली. तिथे ‘आफ्टर टेकिंग अ बाथ’. ‘बाय टेकिंग बाथ आय वेंट टू ऑफिस’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बादलीत बसून ऑफिसला निघालेला माणूस येतो.

दोन आकड्यांमधला बाय

‘दहा बाय बाराची खोली’ म्हणजे लांबी-रुंदी. हा बाय जगात सगळीकडे कळतो. पण आपल्याकडे शाळेत ३/४ लाही ‘थ्री बाय फोर’ म्हणतात. परदेशात ते ‘थ्री क्वार्टर्स’ किंवा ‘थ्री ओव्हर फोर’ असतं. तिकडच्या गणिताच्या वर्गात ‘थ्री बाय फोर’ म्हणालात तर समोरचा तीन ओळी आणि चार स्तंभांचा चौकोन डोळ्यांपुढे आणेल. ‘ट्वेंटी फोर बाय सेव्हन’ही आपलंच. बाहेर ‘ट्वेंटी फोर सेव्हन’ म्हणतात, मध्ये बाय नाही. उडप्याकडे बिनदिक्कत मागायचं ‘वन बाय टू’ सूपही तिकडच्या वेटरला कळणार नाही. त्याला ते दोघांत वाटून हवंय असंच सांगावं लागेल. ही सगळी रूपं इथे चूक मानण्याचं काही कारण नाही, फक्त ती इथली आहेत हे माहीत असावं. गंमत अशी, की ७/१२ चा उतारा लिहितानाही मध्ये तीच तिरकी रेघ असते, पण त्याला ‘सात बाय बारा’ कुणी म्हणत नाही. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून सातबारा, बस्स.

टक्क्यांच्या बाबतीत मराठी प्रत्यय उलट मदतीला येतात. ‘टक्क्यांनी’ वाढलं तर बाय, ‘टक्क्यांवर’ गेलं तर टू. व्याजदर ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला, तर तो ‘टू टेन पर्सेंट’ वाढला. ‘बाय टू पर्सेंट’ लिहिलं तर हिशेबनीस माणूस ८ चे दोन टक्के काढेल आणि उत्तर ८.१६ येईल. बरोबर लिहायचं तर ‘बाय टू पर्सेंटेज पॉइंट्स’. आणि मूळ दराच्या तुलनेत म्हणाल तर ती वाढ २५ टक्क्यांची आहे. बातम्यांत हा घोळ वारंवार दिसतो.

अर्थ उलटवणारे वाक्प्रचार

‘बाय ऑल मीन्स’ म्हणजे ‘वाटेल ते करून’ नव्हे. त्याचा अर्थ ‘अवश्य’, ‘खुशाल’. ‘मे आय सिट हिअर?’ ‘बाय ऑल मीन्स.’ म्हणजे बसा की! वाटेल त्या मार्गाने म्हणायचं असेल तर ‘बाय एनी मीन्स’ किंवा ‘बाय हुक ऑर बाय क्रुक’. ‘बाय नो मीन्स’ म्हणजे मुळीच नाही.

‘बाय डे’ म्हणजे दिवसा. ‘डे बाय डे’ म्हणजे दिवसेंदिवस. ‘पेड बाय द डे’ म्हणजे रोजंदारीवर. ‘हार्ड टू कम बाय’मध्ये कुणी येत-जात नाही, ती वस्तू सहज मिळत नाही एवढंच. ‘स्टँड बाय’ एकटा आला तर तयार राहा, आणि ‘आय स्टँड बाय हिम’ म्हटलं तर मी त्याच्या पाठीशी आहे.

दिसायला सारखे असले तरी सगळे ‘बाय’ एका घरचे नाहीत. ‘गुडबाय’मधला बाय ‘गॉड बी विथ यू’ या जुन्या निरोपाचा झिजलेला अवशेष आहे. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सभांमध्ये ज्यांवरून भांडणं होतात त्या ‘बायलॉज’मधला ‘बाय’ गाव या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दाकडे जातो असं मानतात. इंग्लंडमधल्या व्हिटबी आणि डर्बी या गावांच्या नावांच्या शेवटी तोच शब्द आहे.

आणि उलटी चूक: सगळीकडे ‘द्वारे’

इंग्रजीतून मराठीत आणताना बायने नवी खोड लावली आहे. ‘पोलिसांद्वारे अटक करण्यात आली’, ‘मंत्र्यांद्वारे उद्घाटन झालं’, ‘समितीद्वारे अहवाल सादर’. यातल्या एकाही वाक्याला द्वारेची गरज नाही. पोलिसांनी अटक केली. मंत्र्यांनी उद्घाटन केलं. मराठीत कर्ता उघडपणे समोर येतो, त्याला द्वारेमागे लपवायचं कारण नाही. ‘द्वारे’ राखून ठेवा ते माध्यमासाठी: टपालाद्वारे, ऑनलाइन अर्जाद्वारे.

यंत्राने केलेलं भाषांतर तपासताना ‘जवळ’ या अर्थाचा बाय विशेष बघा. ‘द पार्सल वॉज लेफ्ट बाय द वॉचमन’ याचे दोन अर्थ होतात: वॉचमनने पार्सल ठेवलं, किंवा पार्सल वॉचमनजवळ ठेवलं. यंत्र त्यातला एक बिनधास्त निवडून टाकतं. पार्सल गहाळ झालं, तर वॉचमनच्या दृष्टीने या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अशा जागी मूळ लिहिणाऱ्यालाच विचारा, आणि स्वतः इंग्रजी लिहीत असाल तर बायऐवजी ‘नेक्स्ट टू’ किंवा ‘विथ’ लिहून मोकळे व्हा.