गाड्या बघायला जाताय? आधी उभं कुठं राहायचं ते ठरवा

माझा भाचा यंदा नववीत गेलाय आणि त्याला रेल्वेचं वेड लागलंय, म्हणजे नुसता हॉर्न ऐकून इंजिन कुठलं ते सांगण्यापर्यंत मजल गेलीये. मध्यंतरी त्यानं मला एक व्हिडिओ दाखवला, कुठल्यातरी पोरानं रुळाला खेटून खडीत बसून काढलेला, गाडी अक्षरशः हातभर अंतरावरून जातीये, आणि वर विचारतो, "मामा, असा शॉट घ्यायला कुठं जायचं?" माझ्या पोटात गोळाच आला. त्याला त्या दिवशी जे जे सांगितलं ते इथं नीट लिहून काढतोय, कारण वीसेक वर्षं मीही हाच छंद करतोय आणि एक गोष्ट पक्की कळलीये, गाडीचा चांगला फोटो लांबूनच येतो. जवळून येतो तो फक्त धुरळा आणि अर्धवट डबा.

आधी जागा, मग गाडी

नवीन माणूस आधी गाडी ठरवतो, अमुक वंदे भारत धरायची, तमुक राजधानी धरायची, आणि मग तिथं पोचून जागा शोधत पळतो. पळापळीतच पाय नको तिथं जातात. उलटं करा. आधी उभं राहायची जागा ठरवा आणि तिथून काय काय दिसतं ते बघा.

सगळ्यात सोपी आणि कायदेशीर जागा म्हणजे स्टेशनचा प्लॅटफॉर्म. प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपयांचं, दोन तास चालतं, ते काढल्याशिवाय आत जाऊ नका. प्लॅटफॉर्मवर पिवळी पट्टी असते तिच्या मागं तर राहायचंच, पण मी म्हणतो गाडी न थांबता थ्रू जाणार असेल तर पट्टीच्याही मागं चांगली चार-पाच पावलं राहा, पाठीमागं एखादा खांब किंवा बाक असेल तर उत्तम, कारण वेगात गाडी गेली की वाऱ्याचा जो झोत बसतो त्यानं हलकी बॅग, ट्रायपॉड, लहान पोरं सगळं हलतं. ट्रायपॉड लावून आपण बाजूला चहा प्यायला जाणं तर अजिबात नको.

प्लॅटफॉर्मचं टोक जिथं उतरतं आणि खडी सुरू होते, तो उतार म्हणजे आपली हद्द संपली असं समजा. त्याच्या पुढं एक पाऊलसुद्धा नाही. हे मी एवढं ठासून सांगतोय कारण माझ्या बाबतीत घडलंय.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट, दुहेरी लाईनवरचं एक छोटं स्टेशन. पलीकडच्या लाईनवरून मालगाडी निघाली होती, दोन इंजिनं, जोरात आवाज, वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची खडखड, आणि मला त्या वाघिणी एका रांगेत वळणावर हव्या होत्या म्हणून मी उतारावरून खाली उतरून अलीकडच्या रुळाच्या कडेला खडीत जाऊन उभा राहिलो. डोळा कॅमेऱ्याला. पाठीमागून अलीकडच्या लाईनवर एक्सप्रेस येत होती, हॉर्न देत होती, मला काहीही ऐकू आलं नाही. रुळावर काम करणाऱ्या गँगमधला एक ट्रॅकमन पळत आला, "ए पोरा, मागं हो मागं!" असं ओरडत त्यानं मला दंडाला धरून ओढलं आणि आम्ही दोघं खडीवर पडलो. पुढच्या दोन-तीन सेकंदांत एक्सप्रेस गेली. तो ट्रॅकमन मला काही बोलला नाही, नुसता बसून राहिला, हात थरथरत होते त्याचे. त्याचे ते हात मला अजून आठवतात. त्या दिवसानंतर मी खडीत उतरलो नाही.

गाडी रुळापेक्षा रुंद असते

पुष्कळ जणांना वाटतं रूळ इथं आहे म्हणजे गाडी इथंच. तसं नाहीये. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, आणि डबा साधारण सव्वातीन मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना डबा रुळाच्या बाहेर जवळपास पाऊण मीटर येतो. रुळापासून हातभर लांब उभा आहे असं म्हणणारा माणूस खरं तर डब्याच्या वाटेतच उभा असतो. त्यात डबे डुलतात, वळणावर गाडी एका अंगाला कलते, मालगाडीचा एखादा दरवाजा किंवा ताडपत्रीची दोरी बाहेर लोंबत असते, दारात उभे असलेले लोक रिकाम्या बाटल्या फेकतात, खाडीच्या पुलावर तर निर्माल्यातले नारळसुद्धा.

आता वेग. ताशी ११० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदाला ३० मीटर कापते. तुम्हाला ती ३०० मीटरवर दिसली तर तुमच्या हातात दहा सेकंद आहेत, तेही लगेच दिसली आणि लगेच कळली तर. लोको पायलटनं, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरनं, तुम्हाला बघितल्या बघितल्या इमर्जन्सी ब्रेक मारला तरी एवढ्या वेगातली जड गाडी थांबायला कित्येक शे मीटर, कधी कधी किलोमीटरभर लागतो. तिला बाजूला वळता येत नाही. म्हणजे वाचायचं काम सगळं तुमच्यावरच, आणि तुमचा तर डोळा व्ह्यूफाइंडरमध्ये.

आणि "आवाज येईल की" हा भरवसा सोडाच. आताची इलेक्ट्रिक इंजिनं समोरून येताना फार कमी वाजतात, वारा उलटा असला तर डबे शेजारी येईपर्यंत पत्ता लागत नाही, आणि दुसरा कुठला मोठा आवाज चालू असेल तर संपलंच. १९ ऑक्टोबर २०१८ ला अमृतसरला दसऱ्याच्या दिवशी लोक रुळावर उभं राहून रावणदहन बघत होते, फटाक्यांच्या आवाजात गाडीचा आवाज कुणाला आला नाही, जवळपास ६० माणसं गेली.

दुसऱ्या लाईनचंही तसंच. २२ जानेवारी २०२५ ला आपल्या जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, साखळी ओढली, लोक घाबरून शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ जीव गेले. ती माणसं काही छंद करायला उतरली नव्हती, पण एक गाडी उभी आहे म्हणून दुसऱ्या लाईनवर काही नाही असं मन धरून चालतं, ते फोटो काढताना आपलंही होतं.

"या लाईनवर आता गाडी नाही, मी टाइमटेबल बघितलंय" असं म्हणणारेही भेटतात. मालगाड्या कुठल्याच प्रवासी टाइमटेबलमध्ये नसतात, रुळांच्या कामाच्या गाड्या नसतात, सुटी इंजिनं नसतात. ८ मे २०२० ला लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद आहेत असं समजून औरंगाबादजवळ करमाडच्या हद्दीत थकलेले मजूर रुळावर झोपले होते, पहाटे मालगाडी आली, १६ जण गेले. रूळ कधीच रिकामा नसतो, लाईन बंद आहे हे फक्त रेल्वेवाल्यांना माहीत असतं.

वर बघायला विसरू नका

डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिला हात लागायलाच हवा असं नाही, पुरेसं जवळ गेलं तरी हवेतून झटका बसतो. उभ्या मालगाडीच्या टँकरवर किंवा वाघिणीवर चढून सेल्फी काढताना पोरं भाजल्याच्या बातम्या सारख्या येतात, त्यातली बरीचशी तारेला शिवलेलीही नसतात. म्हणून सेल्फी स्टिक, मोनोपॉड, उघडी छत्री वर करून धरायची नाही, पादचारी पुलावरून जाळीतून काहीही खाली सोडायचं नाही, पतंगाचा मांजा अडकला असेल तर त्याला हात लावायचा नाही. पादचारी पूल तसा फार छान जागा आहे, वरून गाडीचं छत, वळण, दोन गाड्यांचं क्रॉसिंग सगळं मिळतं, फक्त जाळीच्या आत राहायचं आणि लोकांची वाट अडवायची नाही.

आता खरी मजा, म्हणजे बघायचं कसं

इंजिनावरची अक्षरं आधी शिका. पहिलं डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे तारेतल्या एसी करंटवर चालणारं, डी म्हणजे डिझेल, पी म्हणजे प्रवासी गाडीचं, जी म्हणजे मालगाडीचं. त्यामुळं वॅप-७ (डब्ल्यू-ए-पी) हे प्रवासी गाडीचं विजेवरचं इंजिन आणि वॅग-९ मालगाडीचं. वॅग-१२ तर दोन भागांचं एकच इंजिन असतं, १२,००० हॉर्सपॉवरचं, ते पहिल्यांदा दिसलं की माणूस बघतच राहतो. इंजिनाचा नंबर पाच आकडी असतो, ३० नं सुरू झाला तर बहुधा वॅप-७, २२ नं सुरू झाला तर बहुधा जुनं वॅप-४, ६० नं तर वॅग-१२. अंगावर शेडचं, म्हणजे इंजिनाच्या मुक्कामाच्या ठिकाणाचं नाव लिहिलेलं असतं, कल्याण, अजनी, भुसावळ, आणि नेहमीच्या इंजिनाऐवजी भलतंच इंजिन लागून आलं की रेलफॅन लोक त्याला ऑफलिंक म्हणतात आणि दिवसभर खूश असतात. हे सगळं वाचायला जवळ जावं लागत नाही, गाडी स्टेशनात उभी राहिली की प्लॅटफॉर्मवरून आरामात वाचता येतं.

गाडी कुठं पोचली ते रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर बघा. छोट्या स्टेशनवर पुढचा सिग्नल बघायची सवय लावा, लाल, एक पिवळा, दोन पिवळे, हिरवा, या क्रमानं वेग वाढत जातो, हिरवा झाला म्हणजे काहीतरी थ्रू जाणारे, तेव्हा मागं सरका. लाईनच्या कडेला पिवळ्या पाटीवर सी/फा लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ सीटी आणि फाटक, म्हणजे पुढं फाटक आहे, लोको पायलटनं इथं हॉर्न द्यायचा. हॉर्न रेकॉर्ड करणाऱ्यांना ही पाटी सोन्यासारखी, पण रेकॉर्डिंग फाटकाच्या बाहेर रस्त्यावर उभं राहून करायचं, बंद फाटकाखालून वाकून आत जाऊन नाही.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर झूम लेन्स हाच खरा मित्र. शटर १/१००० ला ठेवलं तरी ११० च्या वेगातली गाडी तेवढ्या वेळात तीन सेंटिमीटर सरकते, ती जवळून आडवी काढली तर फोटो हललेला दिसतो, लांबून तिरकी काढली तर इंजिनाचं तोंड कडक येतं आणि मागं सगळा रेक, म्हणजे डब्यांची अख्खी रांग वळण घेताना दिसते. मोबाईल असेल तर व्हिडिओ लावा, फोन छातीजवळ धरा, आणि डोळे स्क्रीनवर न ठेवता गाडीवर ठेवा. कानात इयरफोन नको. फ्लॅश तर कधीच नको, समोरून येणाऱ्या लोको पायलटच्या डोळ्यांवर तो जातो. लाल रुमाल, लाल टोपी हलवू नका, लाल काही हलताना दिसलं की तो धोक्याचा इशारा समजून ब्रेक लावणार. साधा हात हलवा, पुष्कळदा हॉर्नचा छोटा सलाम मिळतो.

काही खाली रुळावर पडलं, लेन्स कॅप असो नाहीतर तीस हजाराचा फोन, उतरायचं नाही. स्टेशन मास्तर किंवा आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दलाला) सांगा, नाहीतर रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनला फोन करा. परवानगीशिवाय रुळावर जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि ड्युटीवरचा माणूस फोटो नको म्हणाला तर वाद न घालता कॅमेरा आत ठेवा, आज नाही तर उद्या काढू.

पहिल्यांदा कुठं जायचं

मुंबई-पुण्याकडच्या माणसाला मी डोळे झाकून कर्जत सांगेन. कर्जत ते लोणावळा बोरघाट, चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर, त्यामुळं पुण्याकडं जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं कर्जतला जोडतात. प्लॅटफॉर्मवर वडापाव खात खात ते जोडणं निवांत बघता येतं, गाडी थांबलेली असते, वेगाचा प्रश्न नाही. वंदे भारत मात्र बँकर न घेताच चढते, तो फरक समोरासमोर बघण्यासारखा. कसारा-इगतपुरीचा थळघाटही तसाच, चढ तोच १ ला ३७. राजधानीला तर पुढं-मागं दोन्हीकडं इंजिन असतं.

कोकणात जाणार असाल तर पावसाळ्याचं टाइमटेबल वेगळं असतं ते आधी बघा. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच, तो खालून, लांबूनच बघायचा असतो, आणि ट्रकच्या ट्रक पाठीवर घेऊन जाणारी रो-रो मालगाडी दिसली तर पोरं वेडी होतात. दूधसागरला मात्र रुळावरून चालत जायची जुनी सवय पूर्ण सोडा, तिथं बंदी आहे, बोगदे आणि वळणं आहेत, बाजूला सरकायला जागा नाही. गाडीच्या खिडकीतून धबधबा छान दिसतो.

लहान मुलांना पहिल्यांदा नेत असाल तर नेरळ-माथेरानची छोटी गाडी, १९०७ सालची, नाहीतर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय, किंवा नागपूरला मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय. तिथं अगदी जवळून बघता येतं, मग स्टेशनवर लांब राहायला सांगितलं की मुलं ऐकतात. प्लॅटफॉर्मवर मूल नेहमी भिंतीच्या बाजूला आणि हात धरलेला, खांद्यावर बसवायचं नाही.

भाच्याला पहिल्या दिवशी मी कर्जतलाच नेलं. घरून निघताना त्याच्याकडून एकच कबूल करून घेतलं, गाडी गेल्यावर शेवटच्या डब्यावरची मोठी पिवळी फुली दिसली की लगेच पुढं जायचं नाही, दुसऱ्या लाईनकडं दोन्ही बाजूंना बघायचं, मग वहीत नंबर लिहायचा. त्या दिवशी त्यानं अकरा इंजिनं लिहिली, सगळी पिवळ्या पट्टीच्या मागं उभं राहून, आणि परतीच्या लोकलमध्ये मला दाखवत होता की एका फोटोत दोन बँकर आणि मागचा डोंगर एकाच फ्रेममध्ये आलेत, झूम करून काढलेला.